हुं देणारी

“हुं म्हण की गं. कामून मुकी बसलीस?”

सासूबाई, गौराबाई, अगदी कानाशी पुटपुटत होत्या. खऱ्या सासूबाई ताडकळसला, घराच्या गच्चीवर, कुरडयांच्या चिकाच्या पातेल्याजवळ. रुद्राणी जिंतूरच्या एसटीत, खिडकीशी, तोंडाला पदर गुंडाळून आणि कानात इयरफोन घालून. सकाळी धाकट्या जावेनं, महेश्वरीनं, सासूबाईंपुढं फोन ठेवून केलेलं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. चौदा मिनिटांचं. त्यात गोष्ट जेमतेम तीन मिनिटांची, बाकी नुसता खोळंबा.

“मग भावजयीला न्यायला तिचा बाप आला,” गौराबाई फोनमधून म्हणाल्या आणि थांबल्या. मागं कावळा ओरडला. पळी पातेल्याच्या काठावर वाजली. कुणी काही बोललं नाही.

“भिताडाला सांगायलेय का काय मी,” गौराबाई म्हणाल्या. पुन्हा शांतता.

रुद्राणीच्या तोंडून आपसूक “हुं” निघून गेलं. शेजारच्या बाईनं मांडीवरची पिशवी सावरत विचारलं, “मला म्हणल्या का?”

“नाही ओ. फोनवर.”

“फोनवर हुं म्हणलेलं ऐकू जातंय का तिकडं?”

“नाही,” रुद्राणी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर नांगरून टाकलेली काळी रानं, एप्रिलच्या उन्हात भेगाळलेली.

गौराबाईंचा नेम जुना. सांगणारीनं एक वाक्य टाकायचं, ऐकणारीनं हुं द्यायचं, तेव्हा दुसरं वाक्य. हुं थांबलं की गोष्ट थांबली. झोपलेल्याला आणि गाढवाला गोष्ट सांगू नये, असं त्या म्हणायच्या. रुद्राणी लग्न होऊन या घरात आली त्याला सत्तावीस वर्षं झाली. दर उन्हाळ्यात गच्चीवर गव्हाचा चीक शिजायचा, शेवया वळल्या जायच्या, पापड लाटले जायचे, आणि त्या सगळ्यावर गौराबाईंची गोष्ट चालायची. हुं द्यायचं काम रुद्राणीचं. दुपारी घर आडवं झालं की नवऱ्याच्या खत-बियाणांच्या दुकानातल्या जुन्या वह्यांच्या मागच्या कोऱ्या पानांवर ती ऐकलेलं लिहून काढायची. कशासाठी, ते तिलाही माहीत नव्हतं. दहावी झालेली बाई. कुणी लिहायला शिकवलं नव्हतं, म्हणून कुणी अडवलंही नाही.

त्या वह्यांची मागच्या दिवाळीत कादंबरी झाली. ‘उलटी पाठवणी’. दोन घरांनी एकमेकांत साटंलोटं केलेलं असतं. इकडची पोर तिकडं, तिकडची इकडं. एक पोर सासर सोडून माहेरी परत येते, आणि मग हिशोब जुळवायला दुसरीला, सुखानं नांदत असलेल्या तिच्या भावजयीलाही, तिचा बाप ओढून परत नेतो. अंगावरचं लेकरू मागं ठेवून. तिथं पुस्तक संपत होतं, कारण त्या उन्हाळ्यात गौराबाईंची गोष्ट तिथवरच आली होती. मग पापड संपले होते.

पुस्तकाला एका मंडळाचा पुरस्कार मिळाला आणि यंदाचा उन्हाळा रुद्राणीचा राहिला नाही. एप्रिल-मे मिळून एकोणीस गावं. प्रत्येक गावात शाल. बेचाळीस डिग्रीत अंगावर शाल पांघरून फोटोसाठी हसायचं, हे कसब तिला चौथ्या गावापर्यंत साधलं. घरात गाठोडं झालं तेव्हा महेश्वरी म्हणाली, “आक्का, पुढची कादंबरी हिवाळ्यात काढा. शाली कामाला येतील.”

पुस्तकाच्या सुरुवातीला ‘ही कादंबरी संपूर्ण काल्पनिक आहे’ अशी ओळ होती. ती प्रकाशकांनी टाकली होती, सगळ्याच पुस्तकांत टाकतात म्हणे. चूक तिथं झाली नाही. चूक झाली पहिल्याच कार्यक्रमात, परभणीला. एका प्राध्यापकांनी विचारलं, “ताई, हे सगळं सुचलं कसं?” समोर माईक, पुढं दोनशे माणसं, दोन कॅमेरे. रुद्राणीला घाम फुटला. ती म्हणाली, “निरीक्षणातून.”

टाळ्या पडल्या. तो एक शब्द मग तिच्या आधी प्रत्येक गावात पोचून तिची वाट बघत बसू लागला.

जिंतूरलाही तेच झालं. कूलरच्या घरघरीत पन्नास-साठ बायका, मागं तिच्या फोटोचं फ्लेक्स, आणि फोटोशेजारी पुस्तकातली पहिली ओळ मोठ्या अक्षरांत: ‘गाडी जुपली, पर बैल काई उठंना. बैलाला कळलं हुतं. माणसाला कळायला सात वर्सं लागली.’

“ताई, तुमच्या त्या बैलानं माझी झोप उडवली,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “आमच्या ह्यांना मी रोज ऐकवते, बैलाला कळतं ते तुम्हाला कळत नाही!”

सगळ्या हसल्या. रुद्राणीही हसली. मग तिनं पहिली दोन पानं वाचून दाखवली, नेहमीसारखी. एकीनं डोळे पुसले. “भावजयीचं पुढं काय झालं?” हा प्रश्न तिघींनी विचारला, तोही नेहमीसारखा. “दुसऱ्या भागात कळेल,” रुद्राणी म्हणाली. आणि “सुचतं कसं?” याला “निरीक्षणातून.”

सह्या घेताना एक वयस्क बाई पुढं आली. हातात पुस्तक नव्हतं, तिनं नुसताच हात धरला. “आमची आजी बी आसंच बोलायची बगा,” ती म्हणाली. “तुमची हाय का कुणी?”

मागून कुणीतरी पुस्तक पुढं सरकवलं आणि रुद्राणीनं तत्परतेनं पेन उघडलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा गौराबाई गच्चीवरच होत्या. कपाळावरची विभूती घामानं ओघळलेली, मांडीवर कुरडयांचा चुरा पडलेला. वय अठ्ठ्याहत्तर, सोऱ्या दाबायचं बळ गेलं होतं, पण कुणाची कुरडई वाकडी पडली ते बसल्या जागेवरून दिसायचं.

“आलीस? काय म्हणले जिंतूरचे?”

“चांगलं म्हणले.”

“तितं वाचून दावतीस म्हणं तू.”

“थोडं. दोन पानं.”

“मग मला बी दाव की. जिंतूरला एसटीनं जाऊन वाचतीस. मी तर हितं येका जिन्याच्या वर हाय.”

रुद्राणी पदरानं वारा घेऊ लागली. “दाखवते आत्याबाई, जरा सवड होऊ द्या. आधी तुम्ही पुढचं सांगा. बाप भावजयीला घेऊन गेला, लेकरू ठेवून घेतलं. मग?”

“फोनला सांगितलं की.”

“फोनमध्ये तुम्ही नुसत्या थांबताय.”

“त्यो हुं देत न्हाई तर मी काय करू? मेलं डबडं. लाल दिवा दावतंय नुसता, म्हशीवानी डोळा लावून बसतंय.” गौराबाईंनी मांडी झटकली. “आदी तू वाचून दाव. मग मी सांगते. हिकडनं द्यायचं, तिकडनं घ्यायचं. साटंलोटं!” आणि स्वतःच्याच बोलण्यावर त्या उरलेल्या चार दातांनी हसल्या.

“दावा की आक्का वाचून,” महेश्वरी म्हणाली. तिची नजर पापडावर होती, लाटणं थांबलं नव्हतं. “मी देते हुं.”

रुद्राणीनं तिच्याकडं पाहिलं. महेश्वरीनं पुस्तक जानेवारीत दोन दिवसांत वाचून परत केलं होतं. परत करताना एवढंच म्हणाली होती, “अक्षर लय बारीक हाय बाई.” त्यानंतर त्या पुस्तकाबद्दल तिनं एक अक्षर काढलं नव्हतं.

घरात वाचणारी माणसं चार आणि कपाटात पुस्तकाच्या वीस प्रती. पण न वाचता येणारीला वाचून दाखवायला कुणी रिकामं नव्हतं. शिवकांतला, रुद्राणीच्या नवऱ्याला, गौराबाईंनी तीनदा विचारलं. तीनदा त्याचा चष्मा दुकानात राहिला होता. धाकट्या लेकानं, राजेश्वरनं, “आवाज बसलाय माय” म्हणून घसा खाकरून दाखवला आणि तासाभरानं पारावर बसून राजकारणावर ओरडताना ऐकू आला. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांना ठाऊक होतं. पुस्तक उघडून पहिली ओळ वाचली की म्हातारी दुसरी ओळ म्हणणार.

रुद्राणीनं एकदा नवऱ्याजवळ विषय काढून पाहिला. “आत्याबाईंचं नाव घालायला पाहिजे होतं का हो, पुस्तकात?”

शिवकांत जेवता जेवता थांबला. पेपरात बायकोचा फोटो आला की तो दुकानाच्या काचेवर चिकटवायचा. खत घ्यायला येणाऱ्याला आधी फोटो, मग भाव. “आता कशाला उगं?” तो म्हणाला. “घरातलंच हाय. मायचं काय अन् तुजं काय.” आणि मग ताटाकडं बघत, “येवढं नाव झालंय. लोकं काय म्हणतील?”

पहाटे, घर उठायच्या आत, रुद्राणी दुसरा भाग लिहायला बसायची. प्रकाशकांना तो मृगापर्यंत हवा होता. सासू सांगत नाही तर आपणच रचू, असं तिनं ठरवलं. भावजयीला झुरवून मारलं. नंतर जिवंत केलं. लेकराला मोठं करून मास्तर केलं आणि आईला शोधायला पाठवलं. चार प्रकरणं झाली. वाक्यं नीट होती, इस्त्री करून घडी घातलेली. एकाही वाक्याला चिकाचा वास नव्हता. तिनं एक प्रकरण मोठ्यानं वाचून पाहिलं आणि प्रत्येक वाक्यापाशी थांबून पाहिलं. एकदाही आतून हुं आलं नाही.

मग ती वही मिटून सातची बस पकडायची, कारण पुढच्या गावात माणसं वाट बघत असायची, आणि तिथं तिला ऐकायला मिळायचं की ताई, तुमची भाषा म्हणजे अस्सल.

मेच्या मध्यात पिंगळीचा कार्यक्रम झाला. परतताना आयोजकांनी आपल्या गाडीतून सोडायचं ठरवलं. शेजारी आयोजकबाई बसल्या होत्या, पुढच्या वर्षीचं संमेलन आणि तिचं अध्यक्षपद असं काहीतरी सांगत होत्या. त्यांना फोन आला म्हणून त्या बोलू लागल्या, तेवढ्यात रुद्राणीनं त्या दिवशीचं रेकॉर्डिंग कानाला लावलं.

या वेळी गोष्ट नव्हतीच. गौराबाई दमलेल्या वाटत होत्या.

“रुद्राणी. तुजं नाव हाय म्हणं पुस्तकावर. असू दे. लिवलं तू, मला कुटं लिवता येतंय? मी काय ते मागायले न्हाई.” थोडं थांबल्या. “पर बैल टाकलास का गं? येवडंच सांग. माज्या मायनं मला सांगताना आदी बैल सांगितला हुता. बैल न्हाई टाकला तर समदी गोष्ट लटकी हाय.”

पुढं सव्वाचार मिनिटं काही नव्हतं. वारा, कुठंतरी मोटारसायकल, आणि म्हाताऱ्या छातीची घरघर. वाट बघत होत्या. रुद्राणीच्या घशाशी हुं आलं. पण आयोजकबाईंचं बोलणं संपलं होतं, त्या तिच्याकडं बघून हसत होत्या. तिनं ते गिळलं.

फोनवर तिनं महेश्वरीला लिहिलं, ‘आत्याबाईंना सांग, बैल टाकलाय.’ पाठवायच्या आधी पुन्हा वाचलं. बैल टाकलाय म्हटलं की, कसा टाकला, हे येणार. तिनं अक्षर अक्षर पुसून टाकलं.

एकोणिसावा कार्यक्रम ताडकळसलाच होता, मेच्या शेवटच्या रविवारी, सकाळी दहाला, वाचनालयाच्या दालनात. वाचनालय भगवानराव गुरुजींचं. निवृत्त मुख्याध्यापक, निम्म्या गावाला त्यांनी बाराखडी घोटवलेली. पूर्णेहून, परभणीहून पाहुणे यायचे होते. आदल्या दिवसापासून घरात एकच काम चाललं होतं, गौराबाईंना घरी कसं ठेवायचं.

“ऊन लय हाय माय,” शिवकांत म्हणाला.

“धा वाजता कुटलं ऊन? गच्चीवर तू येतूस का बारा वाजता बगायला?”

“गर्दी राहील,” राजेश्वर म्हणाला.

“माजी सून बोलणार हाय. मी न्हाई जायचं तर कोण जायचं?”

रविवारी सकाळी महेश्वरीनं कपाट उघडलं. तिनं सासूबाईंचं इरकली लुगडं काढून दिलं, ताजी विभूती लावली आणि हात धरून चालत आणून पहिल्या रांगेत बसवलं. मागच्या सतरंजीवर गल्लीतल्या बायका होत्या. कुरडयांना, शेवयांना एकमेकींच्या गच्च्यांवर जाणाऱ्या. त्यांतल्या निम्म्यांनी कधी ना कधी त्या गोष्टीला हुं दिलेलं होतं. रुद्राणी व्यासपीठावर चढताना त्यांनी तिच्याकडं कौतुकानं पाहिलं, आणि तिनं पाहिल्यावर नजर खाली घातली.

सत्कार झाला. शाल आली. रुद्राणी थोडक्यात बोलली, वाचन टाळून आभार मानून खाली बसली.

“असं कसं?” गुरुजी उठले. “अठरा गावांना वाचून दाखवलंत आणि आपल्या गावाला उपाशी ठेवता? पहिली दोन पानं झालीच पाहिजेत!”

पुस्तक कुणीतरी हातात दिलं. आपोआप पहिल्या पानावर उघडलं, एवढं ते तिथं मोडलेलं होतं. रुद्राणीनं खाली पाहिलं. गौराबाई पुढं सरकून बसल्या होत्या, कान थोडा कलता करून. उन्हाळाभर ज्याची वाट पाहिली ते आता मिळणार, अशा बेतानं.

“गाडी जुपली,” रुद्राणीनं वाचलं, “पर बैल काई उठंना.”

गौराबाईंचा चेहरा उजळला. बैल होता. “हुं!” त्या मोठ्यानं म्हणाल्या. दालनात हसू फुटलं.

“बैलाला कळलं हुतं.”

“हुं.”

रुद्राणीनं पेला उचलला. तिनं पाण्याचा घोट घेतला. ती अजून घोट घेत होती तेवढ्यात खालून, अगदी सहज, पळी हातात असल्यासारखा आवाज आला.

“माणसाला कळायला सात वर्सं लागली. बाप म्हणला, उठीव त्याला. गडी म्हणला, मालक, उठतंय पर बगत न्हाई आपल्याकडं. पोरगी गाडीत बसली ती गावाकडं पाठ करून न्हाई बसली, तोंड करून बसली…”

रुद्राणीच्या बोटाखालून ओळी सरकत होत्या. शब्दाला शब्द. खाली म्हातारी एक वाक्य टाकायची आणि थांबायची, सवयीनं वर बघायची, आणि माईकमधून सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं हुं येत होतं. रुद्राणी देत होती. ती देते आहे हे तिला चौथ्या-पाचव्या वाक्याला कळलं. पान उलटलं. दुसरं पान संपलं. तिसऱ्यावर, जे कुठल्याच गावात कधी वाचलं नव्हतं तिथवर गौराबाई गेल्या आणि धाप लागली म्हणून थांबल्या.

पूर्णेचे पाहुणे एकमेकांकडं बघू लागले. शिवकांत उगाच उठून पंख्याचं बटण फिरवून आला.

भगवानराव गुरुजींनी माईक ओढून घेतला. चांगला माणूस. पन्नास वर्षं गावाची अब्रू सांभाळण्यात घालवलेला. तीस वर्षांपूर्वी प्रौढ साक्षरतेच्या वर्गात याच गौराबाईंच्या हातात त्यांनी पाटी दिली होती, आणि तिसऱ्या दिवशी “मास्तर, माजं म्हशीचं काम हाय” म्हणून गौराबाईंनी ती परत केली होती. बँकेत सहीच्या जागी आजही गौराबाईंचा अंगठाच उठायचा. हे गुरुजींना माहीत होतं, गल्लीला माहीत होतं, अख्ख्या गावाला माहीत होतं.

“वा!” गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज जरा जास्तच चढला होता. “याला म्हणतात घर! सुनेनं लिहावं आणि सासूनं पाठ करावं! असं प्रेम कुठं बघायला मिळतं आजकाल? टाळ्या झाल्या पाहिजेत!”

पाहुण्यांनी सुटका झाल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. शिवकांतनं सगळ्यांत जोरात. सतरंजीवरच्या बायकांचे हात मांडीवरच राहिले. महेश्वरी पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसली होती.

“गौराबाई,” गुरुजी हसत म्हणाले, “सांगा बरं पाहुण्यांना, किती वेळा वाचलंत पुस्तक?”

गौराबाईंनी गुरुजींकडं पाहिलं. मग लेकाकडं, शिवकांतकडं. मग वर, रुद्राणीकडं. त्या नजरेत राग नव्हता, रुद्राणीनं शोधला तरी सापडला नाही. एक वाक्य टाकून झाल्यावर त्या जशा बघायच्या, तसंच बघत होत्या. दोन श्वास. तीन.

वरून काही आलं नाही.

गौराबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

“लय येळा, गुर्जी,” त्या म्हणाल्या. “लय येळा वाचलं.”

पुन्हा टाळ्या. आता हसणंही. परभणीचे पाहुणे मोबाइल काढून म्हातारीचा फोटो घेऊ लागले. एकानं तिच्या हातात पुस्तक दिलं, फोटोत दिसावं म्हणून. गौराबाईंनी ते छातीशी धरलं. उलटं.

रुद्राणीच्या अंगावर शाल होती, शालीखाली पाठीवरून घाम वाहत होता. जिभेवर ‘निरीक्षणातून’ हा एक शब्द तयार होता, अठरा गावांत चाललेला. तिनं गुरुजींच्या हातून माईक घेतला. तो किंचाळला, आणि सगळे तिच्याकडं बघू लागले.

“गुरुजी,” ती म्हणाली, “आमच्या सासूबाईंना वाचता येत नाही.”